मले करमत नाही

असोद्याच्या आमच्या घरात पत्रकं आधी आली, मी नंतर आले. माझे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं आणि म्हणून मीही म्हणते, ते कशासाठी ना कशासाठी पत्रक काढत असत. केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांच्या मजुरीसाठी, हुंड्याविरुद्ध, नळाला पाणी येत नाही म्हणून. जळगावहून छापून आणलेले गठ्ठे पलंगाखाली पडलेले असत आणि उरलेल्या कागदांवर आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडून खायचो. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. त्यामुळे अजूनही मला मोठ्या अक्षरांत विचार करायची सवय आहे, आणि कोणाकडे तरी बोट दाखवल्याशिवाय माझं वाक्य संपत नाही.

शाळेत असताना मी स्वतः गल्लीत वाटलेलं एक पत्रक मला पाठ आहे. त्याचं शीर्षक होतं, ‘बाळंतीण अस्पृश्य नाही’. सव्वा महिना तिला वेगळ्या खोलीत बसवता, तिच्या हातचं पाणी पीत नाही, तिची सावली टाळता, मग तिच्या पोटचं पोर मात्र मांडीवर कसं घेता, असा त्यात सवाल होता. त्यातल्या एकाही शब्दावरून मी आजही मागे हटणार नाही. पण ती खोली माझ्या वाट्याला आली, तेव्हा तिच्याविरुद्ध बोलायची सोय उरली नव्हती.

लग्नानंतर मी धुळ्याला देवपुरात राहायला गेले. नवरा वीज कंपनीत. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच होतं. माझ्या आईनं, म्हणजे मायनं, पलंगाखालचे गठ्ठे काढून तिथे माझ्यासाठी शेगडी, बाजेला बांधायच्या दोऱ्या आणि जुन्या मऊ लुगड्यांच्या घड्या ठेवल्या होत्या. मला न्यायला ती यायची होती. ती येण्याआधी लॉकडाऊन आला.

आधी वाटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. मग जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. धुळे आणि जळगाव यांच्यामध्ये सीमा असते हे मला भूगोलाच्या पुस्तकापुरतंच माहीत होतं. पारोळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच कपाशी, सारखीच धूळ. आता तिथे बांबू आडवे झाले आणि पोलीस बसले. पलीकडे जायचं तर पास हवा आणि पाससाठी कारण हवं.

आबांनी अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात त्यांनी जे लिहिलं ते पत्रकच होतं. स्त्री, समाज, शासन, सगळं आलं होतं. रकान्यात तेवढी अक्षरं बसेनात. मग काटछाट करून त्यांनी लिहिलं, ‘मुलगी बाळंत होणार आहे. तिला आईची गरज आहे.’ पास नामंजूर झाला. पुन्हा भरला, पुन्हा नामंजूर. आबांनी चौकशी केली तर पलीकडून सांगण्यात आलं की धुळ्यात दवाखाने आहेत, डॉक्टर आहेत, तुमच्या बाई तिथे जाऊन काय करणार.

त्याच दिवसांत असोद्याहून, यावलहून, चोपड्याहून केळीचे ट्रक धुळ्यावरून मुंबईकडे रोज जात होते. समोरच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, ‘अत्यावश्यक सेवा’. केळी अत्यावश्यक होती. माझा नवरा अत्यावश्यक होता, रोज खांबावर चढायला जात होता. माय नव्हती. हा शब्द कोणी कोणाला लावायचा हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती एकही बाळंत झालेली बाई बसलेली नसणार, हे मी आजही शपथेवर सांगेन.

आबांना त्यांच्या एका मित्रानं सुचवलं, “मयत लिहा. मयतीला तासाभरात पास मिळतो.”

आबांनी मला फोन केला. “असं असं म्हणतात. तुझं काय मत?”

“खोटं लिहायचं नाही, आबा,” मी म्हणाले. “खरं कारण त्यांनी मान्य करायला पाहिजे.”

“मलाही तेच वाटतं,” आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खुलला. आम्हा बापलेकीचं एकमत झालं की त्यांचा आवाज असा खुलतो.

मायला कोणी विचारलं नाही.

मुलगी दवाखान्यात झाली. तोंडाला मास्क, डॉक्टरच्या अंगावर पांढरा सूट, बरोबर कोणाला आत सोडत नव्हते. कळा देताना मी कोणाचा हात धरला ते मला माहीत नाही. हातमोजा होता एवढं आठवतं.

घरी आले तर सासूबाईंना साखरेचा त्रास. दवाखान्यातून आलेल्या माणसापासून त्यांनी लांबच राहावं, असं त्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. नवरा दिवसभर गावभर फिरणारा, म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपणार. मला आणि बाळाला मागची खोली. ताट दाराशी ठेवायचं, दार वाजवायचं, मागे सरकायचं.

म्हणजे तीच ती खोली. फक्त आता तिला शास्त्राचा आधार होता. सासूबाईंना मात्र सगळं ओळखीचं वाटत होतं. दारापलीकडून त्या त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या, “कानले फडकं बांध. वारं शिरी जाई.”

भर उन्हाळा. खिडकीतून येणारा वारा शेकोटीवरून आल्यासारखा. मी कान बांधायची. कोणी दारात आलं की मास्कही लावायची. कान बंद, तोंड बंद, आणि मांडीवर एक जीव, ज्याला माझ्याकडून सतत काहीतरी हवं होतं.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे मला लिहायलाच हवं. त्या रोज रव्याचा शिरा करायच्या, दुधात अळीव घालून द्यायच्या. पण त्यांचं बोलणं दाराच्या लाकडातून यायचं. मी काही बोलले नाही की विचारायच्या, “बठ्ठं बरं शे ना? पोर चांगली शे, दूध शे. मग तोंड काबरं पाडेल शे?”

मी म्हणायची, “सगळं बरं आहे.”

नवरा त्याच घरात होता आणि आम्ही फोनवर बोलायचो. भिंतीपलीकडे त्याचा आवाज आधी यायचा आणि फोनमधून नंतर. “झोपली का?” तो विचारायचा. कोण, मी का बाळ, ते मला कळायचं नाही. “झोपली,” मी सांगायची. सरकारी दवाखान्यातूनही फोन यायचा. ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. येतो, सगळ्याचा वास येतो, मी सांगायची. त्या बाईच्या पुढ्यात आणखी प्रश्न नसायचा.

खरं काय होतं ते असं. बाळ रडलं की मला रस्त्यावरचा कुठलातरी आवाज ऐकू आल्यासारखं व्हायचं. मी तिला घ्यायची, पाजायची, पुसायची. हात बरोबर चालायचे. पण मी कुठेच नसायची. सगळे म्हणायचे, तिचे डोळे बघ, तुझेच डोळे. मी बघायची आणि मला दोन डोळे दिसायचे. मी खात होते आणि चव नव्हती. मी झोपत नव्हते आणि जागीही नव्हते. दुपारी सगळं सामसूम झालं की मागच्या जिन्यानं गच्चीवर कपडे वाळत घालायला जाणं हीच माझी एकटीची मोकळीक होती. मी ती बंद केली. ओले कपडे खोलीतच दोरीवर टाकू लागले. गच्चीच्या कठड्याशी मी किती वेळ उभी राहायला लागले होते, ते मी कोणाला सांगितलं नाही.

सांगायचं कोणत्या शब्दांत? माझ्याकडे शोषण होतं, विषमता होती, व्यवस्था होती. आबांच्या पत्रकांतले सगळे शब्द माझ्याकडे होते आणि त्यातला एकही या खोलीच्या मापाचा नव्हता.

माय रोज दुपारी जेवणं आटोपली की फोन करायची. आधी आबांच्या फोनवरून करायची, मग आबांनी तिला साधा टचचा फोन घेऊन दिला. फोन लावायला ती शिकली. बंद करायला शिकली नाही. बोलणं झालं की ती म्हणायची, “ठेवू का मंग?” आणि खरंच फोन ठेवून द्यायची, डब्यावर, कोनाड्यात, पोळपाटाशेजारी. तिच्या मनानं ठेवणं म्हणजे ठेवणं. पडद्यावरचं लाल बटण तिच्या हिशेबात नव्हतं.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी दोनतीनदा “माय, फोन चालू आहे” असं ओरडले. मग गप्प झाले. पलीकडे भांडं घासल्याचा आवाज येत होता. नळ सुटला. मायनं खाकरून घसा साफ केला. कोंबडीला हुसकावलं. मी ऐकत पडून राहिले. त्यानंतर मी फोन बंद केला नाही. रोज दुपारी बोलणं संपलं की कानाचं फडकं सैल करून, उशाशी फोन ठेवून मी असोद्याच्या घरात पडून राहायची. तिथे मी नव्हते, पण तिथे कोणीतरी होतं. हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बटण शिकली असती.

अशाच एका दुपारी तिच्याकडे शेजारच्या अक्का आल्या. ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवायचे पापड, करायचे दिवस. एरवी या कामाला अर्धी गल्ली गोळा होते. कोणी पीठ घाटतं, कोणी थापतं, पोरी उन्हात नेऊन टाकतात. त्या वर्षी दोघीच होत्या, त्याही अंतर ठेवून बसलेल्या असाव्यात, कारण एकमेकींशी मोठ्यानं बोलत होत्या.

“काय म्हने पोरगी?” अक्कांनी विचारलं.

“काही म्हनत नाही. तेच तं. हो म्हनते, बरं म्हनते. रडत बी नाही,” मायचा आवाज.

“दमली असीन.”

“दमलेली पोर आईवर चिडते. हे चिडत बी नाही.”

थोडा वेळ नुसती थापटण्याची चाहूल. मग माय म्हणाली, “आमच्या घरात दोन पुढारी, अक्का. बाप म्हने खोटं लिहाचं नाही, पोरगी म्हने बरोबर हाये. दोघं जिंकले. मी घरी बसून बिबडे थापू राह्यली.”

“मंग तू लिही की.”

“काय लिहू?”

“लिही, कोनी मेलं म्हनून.”

“कोनाले मारू वं? सासऱ्याले मारू?”

“ते तं मरायलेच टेकले हायेत, त्याहिले कायले.” अक्का हसल्या. “तुही माय मेली ना?”

“तिले मरून वर्सं झाली.”

“तं काय मधात जित्ती झाली का?”

दोघी हसत सुटल्या. मायला हसताना खोकला येतो, तो आला. आणि मी, धुळ्यातल्या त्या बंद खोलीत, हसायला म्हणून तोंड उघडलं आणि भलताच आवाज निघाला. तो मला आवरेना. बाळही घाबरून रडू लागलं.

पलीकडे थापटणं थांबलं.

“कोन रडू राह्यलं?” अक्का म्हणाल्या.

“फोन वाजते का पाह्य बरं.”

“फोन नाही, लेकरू रडू राह्यलं त्याच्यात.”

खडखडाट झाला. मायनं पिठाच्या हातांनीच फोन उचलला असणार. तिचा श्वास एकदम जवळ आला. “लेकरू हाये, अन् आनखी कोनी हाये,” ती म्हणाली. “हे लेकराचं रडनं नाही.” मग मला म्हणाली, “बोल.”

माय थांबली. ती नुसतं “हां” म्हणत राहिली, मी काही बोलतेय असं समजून. शेवटी माझ्या तोंडून आमच्याकडच्या बोलीत एकच वाक्य निघालं.

“माय, मले करमत नाही.”

करमत नाही. सासरी गेलेली नवी पोर पहिल्या आठवड्यात म्हणते ते. सुट्टीत मामाकडे ठेवलेलं पोर म्हणतं ते. कोणीही ऐकून म्हणेल की होईल सवय. मला तोच एक शब्द सापडला आणि तो किती लहान आहे हे म्हणतानाच मला कळलं.

मायला तो लहान वाटला नाही. ती विचारत नव्हती, समजावत नव्हती. ती म्हणाली, “पोरीले खाली ठेव. पलंगावर नको, खाली चटईवर ठेव. अन् तू बी तिच्याजवळ खालीच बस. मी येते.”

“पास नाही, माय.”

“ते मी पाह्यते.”

पास अक्कांच्या सुनेनं काढला. कारण, निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू. मृताशी नातं, आई. कोणी तारीख विचारली नाही, कोणी दाखला मागितला नाही. खरं कारण दोनदा नाकारणाऱ्या यंत्रणेनं खोटं कारण दुपारचा चहा व्हायच्या आत मंजूर केलं. यावर आबांचं एक चांगलं पत्रक झालं असतं. पण गाडी दारात आली तेव्हा त्यांनी मायची पिशवी उचलून आत ठेवली, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घे म्हणाले, आणि पासवर काय लिहिलंय ते वाचलं नाही. सापडेल तो छापील कागद वाचणारा माणूस, त्यानं तो एक वाचला नाही.

नाक्यावर पोलिसानं मायला विचारलं, “कोण वारलं?”

“माय,” ती म्हणाली, आणि रडू लागली. मला हे तिनंच नंतर सांगितलं. तिला नाटक करायचं होतं, पण करावं लागलं नाही. तिची आई गेली तेव्हा मी पोटात होते आणि तिला मयतीला जाऊ दिलं नव्हतं. पोटुशीनं जायचं नसतं म्हणून. पोलिसानं तिला पाण्याची बाटली दिली आणि बांबू उचलला.

मायला दारात बघून सासूबाई गोंधळल्या. “विहीणबाई, पहिले पाय धुई ल्या,” म्हणाल्या. मग कसनुसं म्हणाल्या, “बाहेरगावनं माणूस शे. चौदा दिवस येगळं ऱ्हावाले पाहिजे.”

“राहीन ना,” माय म्हणाली. “पोरीच्या खोलीत राहीन. तेथी कोनी येत नाही ना?”

सासूबाई दारातून बाजूला सरकल्या. मला वाटतं त्यांना जरा सुटल्यासारखंही झालं.

माय आली म्हणजे सगळं ठीक झालं असं कोणाला वाटेल. तसं झालं नाही. ती बाळाला न्हाऊ घालायची, माझ्या केसांना तेल लावायची, आणि मी तिच्या हाताखाली लाकडासारखी बसायची. आधी निदान माय नाही हे कारण होतं. आता माय होती आणि तरी मी तिथेच होते. त्या दिवसांइतकी एकटी मी आधीही नव्हते. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. एवढं खोटं बोलून, एवढ्या उन्हातून आलेल्या बाईला मी काय दाखवत होते?

तिच्या ते लक्षात आलं. एकदा बाळाला थोपटताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “गच्चीवर कपडे काबरं टाकत नाही तू?”

मी दोरीवरचं ओलं दुपटं झटकून पुन्हा टाकलं.

“दोरी वर हाये. ऊन वर हाये. अन् तू खोलीत ओले कपडे टाकते.”

मी सांगितलं. थोडं सांगितलं. कठड्यापर्यंतचं. तिनं थोपटणं थांबवलं नाही, फक्त ताल चुकला. मग तिनं दार उघडलं, अंतराची पर्वा न करता बाहेरच्या खोलीत गेली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, “जावईबापू, मनाचा डॉक्टर कोठी बसतो धुळ्यात?”

“मनाचा?” नवरा म्हणाला. “काय झालं?”

“मले नाव येत नाही. पन हे वारं नाही अन् थकवा बी नाही. उद्या जायचं.”

सासूबाई म्हणाल्या, “लोक काय म्हनतीन?” माय म्हणाली, “लोक घरात बंद हायेत, विहीणबाई. कोन पाह्यते?”

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला नाही. अत्यावश्यक सेवेला त्यानं एक दिवस नाही म्हटलं. बाळ त्याच्याकडे, मी आणि माय रिक्षात. रस्ते रिकामे, दुकानांची शटर खाली, पांझरा नदीच्या पुलावर फक्त ऊन. दवाखान्याच्या दारात एका मुलीनं कपाळाला यंत्र लावलं, हातावर सॅनिटायझर ओतलं आणि म्हणाली, “पेशंट एकटीच आत. नातेवाईक बाहेर थांबा.”

मायनं तिला समजावायचा प्रयत्न केला. “हे बोलत नाही, बाई. मले सांगावं लागीन.”

“नियम आहे, आजी.”

माय आजी म्हटल्यानं क्षणभर गडबडली. ती झाली होती, पण तिला कोणी तसं म्हटलं नव्हतं. मग तिनं माझा पदर नीट केला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. बाकावर एकाआड एक फुल्या मारलेल्या होत्या. ती फुली नसलेल्या जागेवर बसली.

आत प्लास्टिकच्या पडद्यामागे डॉक्टरबाई होत्या. मास्क, वर काच. त्यांचा चेहरा मला आजही माहीत नाही. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, बाळ केव्हाचं ते विचारलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “काय त्रास होतो?”

ताप नाही, खोकला नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. दारापलीकडे मायचा खोकला ऐकू आला, आणि कोणीतरी तिच्यापासून लांब सरकल्याची चप्पल वाजली. या खोलीत माझ्या वतीनं बोलणारं कोणी नव्हतं. आबा नव्हते, पत्रक नव्हतं, मायही नव्हती. मी मास्क खाली ओढला. डॉक्टरबाईंनी ओढू दिला.

“मला माझ्या बाळाबद्दल काही वाटत नाही,” मी म्हणाले. “आणि मला गच्चीवर जायची भीती वाटते.”

“बरं झालं आलात,” त्या म्हणाल्या. “कधीपासून?”

मी सुरुवातीपासून सांगायला लागले.